कोरड्या दिवसांचे नमुने

आमच्या पाणीपुरवठा खात्यात नदीचे नमुने गोळा करणारी तीन माणसं होती. त्यातली दोघं सगळ्या बाटल्या एकाच पुलाखाली भरतात आणि उरलेला दिवस गाडीत झोप काढतात, असा मला दाट संशय होता. पुढे तो खराही ठरला. तिसऱ्या म्हणजे ताई. त्यांच्यावर संशय घ्यायची सोयच नव्हती. त्या गुडघाभर पाण्यात उतरायच्या, प्रवाहाकडे तोंड करून उभ्या राहायच्या, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायच्या आणि मगच भरायच्या. चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहायच्या, कारण शाई ओलीनं पसरते. मी या खात्यात एकोणीस वर्षं काढली आहेत, पण ताईंची एकही चिठ्ठी मला दुसऱ्यांदा वाचावी लागली नाही. बाकीच्या दोघांच्या चिठ्ठ्या वाचताना मी काय काय बोलायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी प्रयोगशाळेची प्रमुख. ताईंपेक्षा वयानं आठ वर्षांनी लहान, हुद्द्यानं वरची आणि तोंडानं फटकळ. ऑफिसात ताईंच्या मागे लोक त्यांनाच 'नमुना' म्हणायचे आणि आपण फार मोठा विनोद केला अशा थाटात हसायचे. ताईंना ते माहीत होतं. त्यांच्या कपाळाला कधी आठी पडली नाही, म्हणून मीच त्या हसणाऱ्यांच्या रजेच्या अर्जांवर आठ-आठ दिवस बसून राहायचे.

ताई जुन्या पंपघराच्या मागच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. एकदा काही कागदांवर सही हवी होती म्हणून मी तिथं गेले. एक खाट, एक टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर बसायची जागा होती आणि दुसरीवर गमबूट वाळत ठेवलेले होते. मी आल्यावर ताईंनी घाईघाईनं गमबूट उचलले, खुर्ची पुसली आणि आता ते ठेवायचे कुठं हे न कळून हातात धरूनच उभ्या राहिल्या. कित्येक वर्षांत त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं, हे मला सांगावं लागलं नाही. मला तेव्हा उगीचच राग आला. कुणाचा ते नीट सांगता येणार नाही.

लग्न झालेलं नव्हतं. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि मी तशी कुणालाही काहीही विचारणारी बाई आहे. आईवडील लवकर गेलेले. बारा वर्षांनी मोठ्या भावानं, दादानं, सांभाळलं आणि शिकवलं. दादाची शेती वरच्या अंगाला, बसनं तासाभराच्या अंतरावर, आमच्या नदीला येऊन मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी. दादा ताईंना 'छोटे' म्हणायचा. पन्नाशी उलटलेल्या बाईला कुणी छोटे म्हणणारं असणं ही काय चीज आहे, ते ज्यांना तसं कुणी नसतं त्यांनाच कळतं.

आता पट्ट्याची गोष्ट. दहा वर्षांपूर्वी त्या ओढ्यानं आमच्या नाकी नऊ आणले होते. दोन्ही काठांवर पाण्याच्या अगदी कडेपर्यंत नांगरट, त्यामुळे शेतातली माती आणि खत थेट ओढ्यात, तिथून नदीत आणि नदीतून आमच्या पंपात. शहराला पाणी पाजायचं की गाळ, असा प्रश्न होता. तेव्हा खात्यानं ठरवलं की ओढ्याच्या काठाची बारा पावलं जमीन शेतकऱ्यांनी पडीक सोडायची. पाण्यालगत वाळुंजाची झाडं, म्हणजे मुळं काठ धरून ठेवतील. मग झुडपं. आणि शेताच्या बाजूला दाट उंच गवत, म्हणजे शेतातून धावत येणारं पाणी गवतात अडखळेल, माती तिथंच टाकेल आणि मुळं खत पिऊन घेतील. रोपं खातं देणार, वर्षाकाठी थोडी भरपाई देणार, करार दहा वर्षांचा. पट्ट्याचा उपयोग होतोय असं आकड्यांत दिसलं, तर खातं आणखी दहा वर्षं मुदत वाढवणार. शेतकऱ्याला नाही म्हणायची मुभा फक्त पहिल्या वेळी.

अर्थातच कुणीही तयार होईना. एक जण म्हणाला, "बारा पावलं मीच सोडतो, गाव सोडून बारा पावलं लांब जातो." शेवटी ताई दादाकडे गेल्या. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे साहेब सांगतात की तू सांगतेस?"

"मी सांगते."

"मग घे."

एवढंच. काठाची लांबच्या लांब कड त्यानं देऊन टाकली. वहिनी मात्र म्हणाली, "नणंदेनं माहेरात वाटा मागितला नाही म्हणून मी सगळ्यांना कौतुकानं सांगत होते. हिनं मागितला, तोही ओढ्यासाठी!"

पहिली दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी झुडपं वाढली आणि त्यांत रानडुकरांनी ठाण मांडलं. दिवसभर तिथं पडून राहायचं आणि अंधार पडला की दादाच्या मक्यात घुसायचं. शेजारी हसायचे. दादाच्या मुलाला तीच ओलाव्याची जमीन भाजीपाल्यासाठी हवी होती. ती मिळेना, म्हणून तो वैतागून शहरात नोकरीला निघून गेला. त्यानंतर एकदा ताई घरी गेल्या असताना दादाचा तोल सुटला. "तुझ्या त्या झुडपांनी माझं घर खाल्लं," तो म्हणाला. ताई तशाच उठून आल्या. मग दादानं बोलावलं नाही आणि ह्या गेल्या नाहीत.

अशी सात वर्षं. आणि या सात वर्षांत दर मंगळवारी ताई त्या ओढ्यावर जात होत्या, कारण ती त्यांची ड्यूटी होती. एक बाटली पट्टा सुरू होतो त्याच्या वर, एक पट्टा संपतो त्याच्या खाली. दादाचं घर तिथून दोनशे पावलांवर. कपडे वाळत घातलेले दिसायचे, वहिनीचा आवाज यायचा. ताई बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवून बस पकडायच्या. मला हे बरंच उशिरा कळलं. तोपर्यंत 'ठिकाण सात, वर' आणि 'ठिकाण सात, खाली' या माझ्यासाठी नुसत्या दोन ओळी होत्या.

दहा वर्षं भरली. खात्यात नवे साहेब आले होते, हुशार आणि घाईतले. त्यांनी दहा वर्षांचे आकडे काढून टेबलावर पसरले आणि मला बोलावलं. "मॅडम, वरचा आकडा आणि खालचा आकडा सारखाच. गढूळपणा सारखा, नायट्रेट सारखं. हा पट्टा नेमकं करतो काय?"

मी आकडे पाहिले. माझेच होते. बरोबरही होते. करार संपवावा असा साहेबांनी प्रस्ताव लिहिला, तीन महिन्यांनी बैठकीत निर्णय होईल असं ठरलं आणि दादाला तसं पत्र गेलं.

त्याच आठवड्यात वहिनीचा ताईंना फोन आला. सात वर्षांनी पहिला. "झालं गेलं विसरून जा. जमीन सुटतेय आता. हे काही बोलत नाहीत, पण काल विचारत होते, छोटी अजून त्याच नोकरीत आहे का म्हणून. रविवारी जेवायला या."

शुक्रवारी ताईंनी मला आपणहून चहा पाजला आणि हे सगळं सांगितलं. मी विचारलं, "काय नेणार मग त्यांच्याकडे?" तर त्या गोंधळल्या. दादाच्या घरी काहीतरी न्यायचं असतं हेच त्या विसरून गेल्या होत्या. मग आम्ही दोघींनी पंधरा मिनिटं घालवून फळं न्यावीत असं ठरवलं. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पट्ट्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "आकडे तसे आहेत तर तसे आहेत. माझंच चुकलं असेल. दादाची जमीन दादाला मिळू दे."

रविवारी काय झालं ते त्यांनी मला नंतर तुकड्यातुकड्यानं सांगितलं. दादानं दार उघडलं. "आलीस? ये," म्हणाला. तो वाकलाय हे त्यांच्या लक्षात आलं. दोघंही एकमेकांकडे न बघता पिकाबद्दल बोलले. वहिनीनं पानं वाढली. तिघं बसले, आणि पहिला घास तोंडात गेला तोच बाहेर पाऊस कोसळायला लागला.

ताईंची बसायची जागा मागच्या दाराकडे तोंड करून होती. दारातून शेत दिसत होतं. मक्याच्या सऱ्यांमधून तपकिरी पाणी उतारानं धावत सुटलं आणि गवतात शिरलं. ताई घास हातात धरून ते बघत राहिल्या. शेजारच्या शेताला पट्टा नव्हता. तिथून तेच पाणी तसंच्या तसं ओढ्यात पडत होतं, मोरीतून पडावं तसं. दादाच्या काठावरून मात्र जे पाणी ओघळत होतं ते इतक्या लांबूनही निराळं दिसत होतं.

दहा वर्षांत त्यांनी हे कधीच पाहिलं नव्हतं. पावसात त्या तिथं कधी गेल्याच नव्हत्या.

पिशवीत दोन रिकाम्या बाटल्या कायम असायच्या त्यांच्या, मग त्या कुठंही निघालेल्या असोत. ताई उठल्या. हात न धुता बाटल्या घेतल्या आणि भर पावसात मागच्या दारानं बाहेर पडल्या. एक बाटली गवताच्या अलीकडे भरली, एक पलीकडे, वाळुंजांच्या मुळांशी. तीनदा विसळून. वळल्या तेव्हा दादा मागच्या पायरीवर उभा होता.

"हे काय चाललंय?"

"दादा, आमचे आकडे चुकलेत. आम्ही कोरड्या दिवशी पाणी घेत होतो. पट्टा काम करतोय, बघ तरी..."

दादानं बाटल्यांकडे पाहिलंच नाही. तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता. "बाटल्या घेऊन आलीस जेवायला?"

"नाही रे दादा, त्या असतातच..."

"जेवायला बोलावलं होतं तुला," तो म्हणाला आणि आत गेला. दार लागलं. पिशवी आत राहिली होती. थोड्या वेळानं वहिनीनं ती पायरीवर आणून ठेवली, वर ताईंची छत्री ठेवली आणि पुन्हा आत गेली.

सोमवारी सकाळी त्या बाटल्या माझ्या टेबलावर होत्या. एक चहासारखी, दुसरी जरा गढूळ, पण आरपार दिसणारी. तपासणी होईपर्यंत संध्याकाळ झाली. पहिलीतल्या गाळातला फार थोडा दुसरीत पोचला होता, खताचा अंशही निम्म्यावर आला होता. मी आकडे पाहिले आणि खुर्चीत बसले.

कारण पावसात नमुने घ्यायचे नाहीत हा नियम माझा होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी काढला होता. गढूळ पाण्यानं गाळणकागद तुंबतो, एकेका नमुन्याला अर्धा दिवस जातो, म्हणून वैतागून मी आदेश लिहिला होता: नमुने कोरड्या दिवशीच आणावेत. कोरड्या दिवशी शेतातून पाणी येतच नाही. येत नाही त्याला पट्टा अडवणार काय? म्हणजे चोर घरी झोपलेला असताना आम्ही राखणदाराची परीक्षा घेत होतो, दहा वर्षं, दर कोरड्या मंगळवारी, अगदी काटेकोरपणे. बाकीच्या दोघांसारखा आळस ताईंनी केला असता आणि कधीतरी भलत्या दिवशी बाटल्या भरल्या असत्या, तरी हे आधीच कळलं असतं.

ताई समोर उभ्या होत्या. कपडे तेच, कालचे. मी दार लावून घेतलं.

"ताई, स्पष्ट बोलते," मी म्हणाले. "या बाटल्यांची नोंद अजून झालेली नाही. सुट्टीच्या दिवशी, नियम मोडून आणलेलं पाणी आहे. हे बेसिन आहे इथं. तुम्ही ओता म्हणालात तर मी ओतते. करार संपेल, दादाला जमीन मिळेल, तुम्हाला दादा मिळेल. आणि माझी चूकही झाकली जाईल, ते लपवत नाही."

मी मनापासून बोलत होते. नदी गेली खड्ड्यात, या बाईला रविवारी जेवायला एक घर असू दे, असं मला त्या क्षणी वाटलं. खात्यानं मला त्यासाठी काढलं असतं तरी चाललं असतं.

ताई बेसिनकडे बराच वेळ बघत राहिल्या. माझी खात्री झाली की त्या हो म्हणणार.

"तो आपणहून जमीन देत नव्हता, मॅडम. मी मागितली," त्या म्हणाल्या. "त्याचा मका गेला, मुलगा गेला. मी हे ओतलं तर ते सगळं फुकटच गेलं असं होईल. तसं मी नाही करणार त्याच्या बाबतीत." मग डोळे पुसून म्हणाल्या, "नोंद करा."

एका पावसाच्या दोन बाटल्यांवर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. बैठकीपर्यंत आणखी पाच पाऊस पडले आणि पाचही वेळा ताई तिथं गेल्या. आता शेजारच्या शेताच्या उघड्या काठावरचीही बाटली घ्यायच्या. पाचही वेळा मागचं दार बंद होतं. एकदा त्या पाय घसरून पडल्या, कोपर सोलवटलं. मी म्हटलं, घरात जाऊन धुवायचं तरी होतंत. त्या म्हणाल्या, ओढ्यात धुतलं.

बैठकीत मी माझा जुना आदेश स्वतः वाचून दाखवला. साहेब भला माणूस निघाला. माझ्यावर ओरडला नाही, पण आकडे पाहून त्यानं आपला प्रस्ताव मागे घेतला. करार दहा वर्षांनी वाढला. सही करायला दादा आला. पांढरा शर्ट, हातात टोपी, खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेला. ताई माझ्या शेजारीच होत्या. कागद पुढे सरकवताना मला राहवलं नाही.

"दादा, तुमच्या शेतातून निघणाऱ्या गाळाचे दहातले आठ वाटे हा पट्टा अडवतो. खाली शहरातली माणसं हे पाणी पितात. तुमच्या बहिणीनं..."

"आणि डुकरं?" दादानं विचारलं.

डुकरांचा आकडा आमच्याकडे नव्हता. आजवर कुणी मोजलाच नव्हता. मी मनात म्हटलं, हाही प्रश्न बरोबरच आहे. त्यानं सही केली आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "बाईंना विचारा, आणखी कुठं सही हवी का." बाई म्हणजे ताई. त्या हातभर अंतरावर होत्या. त्यांनी कागद उलटला आणि दुसरी जागा बोटानं दाखवली. तिथंही त्यानं सही केली. ती दोघं त्या दिवशी एवढंच बोलली, जर त्याला बोलणं म्हणायचं असेल तर.

कुंपणासाठी आणि डुकरांसाठी काहीतरी करा म्हणून मी तेव्हापासून साहेबांच्या मागे हात धुऊन लागले आहे. कागद फिरतोय. ताईंना मी सांगितलं, वेळ जाऊ द्या, तो येईल ताळ्यावर. असं सांगताना माझा मलाच खोटेपणा ऐकू येत होता. ताईंनी मान हलवली आणि बाटल्या विसळायला घेतल्या.

माझा आदेश रद्द झाला. आता पाऊस पडला की खात्याच्या गाडीनं नमुने घ्यायला जायचं असा नवा नियम आहे. साहेबांनी खर्च आटोक्यात राहावा म्हणून ठिकाण सातच्या कोरड्या मंगळवारच्या फेऱ्या बंद केल्या. आकडे त्यांच्या बाजूनं होते, तिथं कोरड्या दिवशी काही कळत नाही हे आम्हीच सिद्ध केलं होतं. ताईंनी सही करून तो कागद घेतला. त्याचा अर्थ काय, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

गेल्या महिन्यात दुपारी पाऊस आला, तेव्हा ड्रायव्हर आजारी होता म्हणून मीच गाडी काढली आणि ताईंबरोबर गेले. छत्री धरून मी त्यांच्या मागे गवताशी उभी होते. दादाच्या घराचं मागचं दार उघडं होतं आणि दादा पायरीवर उभा होता. पाणी शेतातून कुठं कुठं जातंय ते बघत असावा, किंवा नसावा. ताई वाकून बाटली विसळत होत्या. एकदा, दोनदा, तीनदा. नेहमीपेक्षा बऱ्याच सावकाश. तिसरी बाटली भरून त्या सरळ झाल्या, तोवर पायरी रिकामी होती.

परतताना त्या म्हणाल्या, "मागच्या पावसात दुसऱ्या बाटलीपर्यंतच थांबला होता."

मी नुसतं "हं" म्हटलं आणि गाडी चालवत राहिले. रस्ता मला धड दिसत नव्हता, आणि ते काही पावसामुळे नव्हतं.

आता खात्यात सगळे पावसाला शिव्या घालतात. पंप तुंबतात, गाड्या रुततात. ताई एकट्याच रोज सकाळी माझ्या खोलीत येऊन हवामानाचा अंदाज विचारतात. आज मी वाचून दाखवला: पुढचे बारा दिवस कोरडे. त्या मान हलवून निघाल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "जरा पुन्हा बघता का?"